विचारकौशल्याच्या प्रशिक्षणाने शिक्षकाच्या स्वतःच्या अडचणी सुटतात का?

खानापूर तालुक्यातल्या जांबोटी भागातल्या एका दोनशिक्षकी मराठी प्राथमिक शाळेतल्या तरुण शिक्षकाने विचारलं आहे : "पाच दिवसांचं विचारकौशल्याचं प्रशिक्षण करून आलो. मुलांना विचार करायला शिकवायचं, हे पटलं. पण खरं सांगा, यातून आम्हा शिक्षकांची स्वतःची अडचण सोडवायची ताकद वाढते का? पाच वर्ग आणि आम्ही दोघं. एक जण मिटिंगला गेला की त्या दिवशी दुसऱ्याने शिकवायचं नुसतं नावाला, खरं तर तो राखणच करतो. त्यात चौथी-पाचवीची मुलं शाब्दिक उदाहरणांत अडकलेली. इथे विचारकौशल्य काय करणार?"

गुरुजी, सरळ उत्तर आधी देते. ताकद वाढते, पण ती बहुतेक एकाच जागी वाढते : अडचण नेमकी कोणती आहे, हे ठरवण्यात. प्रशिक्षणानंतर उत्तरं भराभर सुचायला लागली, असं मी कुणाच्या बाबतीत पाहिलेलं नाही. पहिले दोन-तीन महिने तर माणूस आधीपेक्षा जास्त अडखळतो. आणि ही वाढही त्या पाच दिवसांत होत नाही. शाळेत परत येऊन आपल्याच एखाद्या अडचणीवर तीच रीत पुन्हा पुन्हा वापरली, आणि वापरताना कुणी सोबतीला असलं, तर होते. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या मराठी शाळांत शिकवताना, मग मुख्याध्यापिका म्हणून आणि मधली काही वर्षं साधन व्यक्ती म्हणून, म्हणजे शिक्षकांची प्रशिक्षणं घेत आणि शाळांना भेटी देत, काम करताना मी हे पाहिलं आहे. तुमचा प्रश्न मला जवळचा आहे, म्हणून थोडं लांबवून लिहिते.

प्रशिक्षणात तुमच्याकडून कोडी सोडवून घेतली असतील. मीही सुरुवातीची वर्षं कोडीच घेत असे. पुढे बरीचशी सोडून दिली, पण एक शेवटपर्यंत ठेवलं, कारण त्यात शिक्षकाला स्वतःची सवय दिसते. अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध केला. मी तो आपल्या घरातल्या भांड्यांत मांडायचे. कळशीत २१ मापं पाणी मावतं, घागरीत १२७ आणि तांब्यात ३. मला बरोबर १०० मापं पाणी हवं आहे. थोडी खटपट केल्यावर वाट सापडते : घागर भरा, तिच्यातून एक कळशी काढा, मग दोन तांबे काढा. मग दुसरं : कळशी १४, घागर १६३, तांब्या २५, हवेत ९९. तीच वाट. तिसरं : १८, ४३ आणि १०, हवेत ५. पुन्हा तीच वाट. अशी चार-पाच उदाहरणं झाली की हात आपोआप चालायला लागतो. तेव्हा मी घालायचे : कळशी २३, घागर ४९, तांब्या ३, हवेत २०. सगळा वर्ग घागर भरायचा, तिच्यातून कळशी काढायचा, दोन तांबे काढायचा, आणि उत्तर २० यायचंही. खरं तर भरलेल्या कळशीतून एक तांब्या काढला की काम झालं. ज्या गटाला मी व्हरांड्यात बसवून फक्त हे शेवटचं उदाहरण दिलेलं असायचं, तो हे लगेच सांगायचा. आतल्या गटाला दिसायचं नाही, कारण त्यांच्याकडे चाललेली रीत होती.

त्यानंतर मी विचारायची, "तुमच्या शाळेतली घागर कोणती?" थोडा वेळ कुणी बोलत नसे. मग एकेक यायचं. मूल गैरहजर, की पालकाला निरोप. गणित चुकलं, की तसलीच आणखी दहा गणितं. वर्गात गलका, की मोठ्याने ओरडा. वाचता येत नाही, की पुन्हा बाराखडी. यातली प्रत्येक रीत कधीतरी उपयोगी पडलेली असते, म्हणून तर ती हातात बसते. पंचवीस वर्षं शिकवलेल्या शिक्षकाकडे अशा रीती जास्त असतात, आणि त्यातली कोणती कुठे गैरलागू आहे हे त्यालाच सगळ्यात उशिरा दिसतं. हा अनुभवाचा दोष आहे असं मला म्हणायचं नाही. अनुभव नसता तर दोनशिक्षकी शाळा एक दिवसही चालली नसती. पण अनुभवावर मधूनमधून हात ठेवून "इथे हाच लागू आहे का?" असं विचारायची सवय वेगळी लावून घ्यावी लागते, आणि प्रशिक्षणाने ती लागू शकते.

आता कोड्यांची मर्यादा. कोडी सोडवून शिक्षक कोडी सोडवण्यात पटाईत होतो, शाळेतली अडचण सोडवण्यात होईलच असं नाही. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी १९०१ मध्येच दाखवलं होतं, की एका कामातला सराव दुसऱ्या कामात फार थोडा उतरतो, आणि तोही दोन्ही कामांत सारखं काही असेल तेवढाच. मला हे एका शाळाभेटीत कळलं. प्रशिक्षणात सगळ्यांच्या आधी उत्तरं देणारे एक गुरुजी होते, अतिशय तल्लख. दोन महिन्यांनी त्यांच्या शाळेत गेले तर गैरहजेरीवर तोच जुना उपाय : पालकांना निरोप, निरोपाला उत्तर नाही, पुन्हा निरोप. घागरीचं कोडं त्यांना तोंडपाठ होतं, आणि समोर निरोपाची घागर भरत होते. चूक माझ्या प्रशिक्षणाची होती. मी कोडं आणि शाळा यांच्यामधला पूल बांधलाच नव्हता. त्यानंतर मी रीत बदलली. पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या शाळेतली एक खरी अडचण एका वाक्यात लिहून आणायची आणि पाचही दिवस त्याच वाक्यावर काम करायचं.

हे वाक्य लिहिणं हेच मुख्य काम आहे. जॉन ड्यूई यांनी १९१० मध्ये विचार कसा चालतो याच्या पायऱ्या मांडल्या, त्यात अडचण जाणवणं ही पहिली आणि ती नेमकी कुठे आहे हे ठरवणं ही दुसरी पायरी आहे. उपाय तिसऱ्या पायरीवर येतो. आपण बहुतेक शिक्षक पहिल्यावरून थेट तिसरीवर उडी मारतो, कारण समोर तीस मुलं बसलेली असतात आणि घंटा वाजलेली असते. पुढे १९८०च्या दशकात डोनाल्ड शॉन यांनी हेच व्यवसायांच्या अंगाने मांडलं : डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक यांच्यापुढे प्रश्न तयार मांडलेला येत नाही. येते ती गुंतागुंत. तिच्यातून प्रश्न कोणता काढायचा, हे त्यांनाच ठरवावं लागतं.

एका बाईंचं सांगते, कारण तुमच्या दुसऱ्या अडचणीशी त्याचा थेट संबंध आहे. खानापूर तालुक्यातली शाळा, बाईंची नोकरी वीस वर्षांच्या वर झालेली. त्यांचं वाक्य होतं : "चौथीच्या मुलांना भागाकार येत नाही." मी सगळ्यांना सांगितलं होतं, की आपलं वाक्य तीन वेळा लिहा : तुम्हाला दिसतं तसं, मूल सांगेल तसं, आणि त्याची आई सांगेल तसं. बाई दुसऱ्या वाक्याशी अडल्या. मूल काय सांगेल हे त्यांना माहीतच नव्हतं. वीस वर्षांत तसं कधी विचारलं नव्हतं, कारण चूक दिसली की दुरुस्त करायची एवढंच आपल्याला शिकवलेलं असतं.

बाई आपल्या शाळेत परत गेल्या आणि फळ्यावर लिहिलं : "४८ पेरू ६ मुलांना सारखे वाटले, तर प्रत्येकी किती पेरू मिळाले?" एका मुलाने २८८ काढले. एरवी त्यांनी लाल रेघ मारून "पुन्हा कर" म्हटलं असतं. या वेळी त्याच्याजवळ बसल्या आणि विचारलं, "तू हे कसं ठरवलंस?" मुलगा म्हणाला, "प्रत्येकी म्हणजे सगळ्यांचं मिळून न्हवं, बाई?" दुसऱ्या मुलीने ४२ काढले होते. तिचं म्हणणं, दोन आकडे दिले आणि एक मोठा असला की मोठ्यातून लहान काढायचा. बाईंनी तेच उदाहरण पुसून घरातल्या बोलीत लिहिलं : "४८ पेरू ६ पोरांत सारखे वाटले, एकेकाला किती आले?" आधी चुकलेल्या बहुतेक मुलांनी ८ लिहिले.

ज्याला बाई भागाकाराची अडचण समजत होत्या, ती बऱ्याच मुलांच्या बाबतीत 'प्रत्येकी' या एका शब्दाची होती. पुढच्या चार दिवसांत त्यांनी आणखी शब्द शोधले : 'शिल्लक', 'फरक', 'एकूण'. पुस्तकातले हे शब्द त्या मुलांच्या घरात कुणी बोलत नाही. घरात 'उरलं' म्हणतात, 'किती जास्त' म्हणतात, 'समदं मिळून' म्हणतात. आपल्याकडच्या बोलीत कानडी मिसळलेलं, कोकणी मिसळलेलं, आणि पुस्तक प्रमाण मराठीत. शब्द कळले की ही मुलं सुटली. पण ४२ काढणारी मुलगी आणि तिच्यासारखी दोघं-तिघं शब्द कळूनही अडलेलीच राहिली. त्यांना वाटणी म्हणजे काय हेच हाताने केल्याशिवाय कळणार नव्हतं. त्यांच्यापुढे चिंचोके ठेवावे लागले. म्हणजे एका अडचणीच्या दोन झाल्या, दोघींचे उपाय वेगळे, आणि बाईंची जुनी दहा गणितांची रीत या दोन्हींपैकी एकीलाही लागू नव्हती.

बाईंवर झालेला परिणाम मला दिसला तो पुढे दीड महिन्याने, आणि तो गणितात नव्हता. अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या, जेवणात मुलं भात टाकत होती. शाळेत यावर ठरलेला उपाय म्हणजे प्रार्थनेच्या वेळी अन्न वाया घालवू नये यावर चार शब्द. बाईंनी ते चार शब्द पुढे ढकलले आणि तीन दिवस नुसतं पाहिलं, कोण टाकतं आणि किती. टाकणारी जवळजवळ सगळी पहिली-दुसरीची होती. स्वयंपाकाच्या मावशी घाईत सगळ्यांना सारख्याच मापाने वाढत होत्या. लहानांना आधी अर्धं वाढायचं आणि मागितलं तर पुन्हा द्यायचं, एवढं ठरलं आणि पत्रावळीत उरणारा भात थांबला. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, कुणी तपासायलाही येणार नव्हतं. शिक्षकाची स्वतःची ताकद वाढली असं मी म्हणते, ते अशाच वेळी. शिकलेल्या जागेवर रीत वापरणं सोपं असतं. न सांगता दुसऱ्या जागी वापरली, तर ती माणसाची झाली.

एक सवय मात्र फार चिवट आहे, तिच्याशी मलाही आयुष्यभर झगडावं लागलं. आपण एकदा अंदाज बांधला की तो खरा ठरेल असेच प्रश्न विचारतो. पीटर वेसन यांचा १९६० मधला प्रयोग आहे. लोकांना २, ४, ६ हे आकडे दिले आणि सांगितलं, यामागचा नियम ओळखा, हवे तेवढे तीन-तीन आकडे सुचवून विचारा, मी हो किंवा नाही सांगेन. लोक ८, १०, १२ विचारतात. हो. २०, २२, २४. हो. मग खात्रीने सांगतात, दोन-दोनने वाढणारे आकडे. नियम तेवढाच नव्हता, कोणतेही चढते आकडे चालत होते. १, ७, ५० असं विचारलं असतं तर कळलं असतं, पण आपल्या अंदाजाप्रमाणे 'नाही' ऐकू यावं असा प्रश्न विचारणारे थोडे.

आमच्याकडे रानातल्या गवळी वाड्यावरून येणारा एक मुलगा होता. त्याच्या गुरुजींचं मत पक्कं झालेलं, की हा मंद आहे. रोज त्याला वाचायला उठवायचे, तो अडायचा, मत आणखी पक्कं व्हायचं. शिक्षकांच्या सभेत आम्ही त्यांना एवढंच म्हटलं, की तुमचा अंदाज चुकीचा असेल तर हा मुलगा कशात हुशार दिसेल, ते एकदा विचारून बघा. त्यांनी दुधाचा हिशेब विचारला. साडेतीन लिटर, ३२ रुपये दराने. मुलाने वहीकडे न बघता ११२ सांगितले, वर दर दोन रुपयांनी वाढला तर किती हेही सांगितलं. गुरुजींनी आपलं वाक्य बदललं : "आकडेमोड येते, छापील अक्षर येत नाही." हे वाक्य हाती आल्यावर त्याला दुधाच्या हिशेबाच्या वहीतूनच वाचायला शिकवता आलं. मला त्या मुलाइतकेच ते गुरुजी आठवतात. भर सभेत उभं राहून आपलं मत चुकलं होतं हे सांगणं सोपं नसतं.

आपण सीमाभागातले शिक्षक या बाबतीत इतरांपेक्षा एक पाऊल पुढे आहोत, असं माझं ठाम मत आहे. खात्याची परिपत्रकं आपल्याकडे कन्नडमध्ये येतात, आपण ती मराठी डोक्याने वाचतो. कन्नडमध्ये 'अवसर' म्हणजे घाई, मराठीत संधी. कन्नडमध्ये 'अवकाश' म्हणजे संधी, आपल्याकडे त्याचा अर्थ मोकळी जागा किंवा सवड. 'अभ्यास' हा शब्द तिकडे सरावाला आणि सवयीलाही वापरतात. ओळखीचा शब्द दिसला म्हणून त्याचा आपला अर्थ धरून चालत नाही, हे आपण ठेच लागून शिकलेलो असतो. म्हणून कन्नड परिपत्रक आपण दोनदा वाचतो, शेजारच्या शाळेतल्या कन्नड शिक्षकाला विचारून खात्री करतो. विचारकौशल्य म्हणतात त्यातला मोठा भाग हाच आहे. फक्त मराठी बोलणाऱ्या मुलासमोर आपण ती सावधगिरी सोडून देतो, कारण तिथे सगळं आपलं आणि कळलेलंच आहे असं वाटतं. मी प्रशिक्षणात सुरुवात नेहमी या शब्दांपासून करायची. ही काळजी तुम्ही रोज घेता, तीच वर्गात घ्या, असं म्हटलं की शिक्षकांना हा विषय बाहेरून आणून लादल्यासारखा वाटत नसे. याच कारणासाठी माझा आग्रह असे, की प्रशिक्षणाचं साहित्य कन्नडमध्ये असलं तरी गटातली चर्चा ज्याला ज्या भाषेत विचार करायची सवय आहे त्या भाषेत होऊ द्यावी, आणि मांडणी नंतर हव्या त्या भाषेत करावी.

आता तुम्ही विचाराल, पाच दिवसांत एवढं कसं होणार. होत नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजात फिलिप एडी आणि मायकेल शेयर यांनी १९८०च्या दशकात विज्ञानाच्या तासांतून मुलांच्या विचारशक्तीला चालना देण्याचा कार्यक्रम केला. दोन वर्षांत मिळून पाठ होते सुमारे ३०. त्या मुलांची पुढच्या परीक्षांतली कामगिरी विज्ञानातच नव्हे, गणित आणि इंग्रजीतही सुधारलेली दिसली. लोक हा निष्कर्ष सांगतात, पण त्यामागचं शिक्षकांचं काम सांगत नाहीत. तिथे शिक्षकांचं प्रशिक्षणही दोन वर्षं चालत असे, आणि प्रशिक्षक त्यांच्या वर्गात येऊन बसत. अमेरिकेत ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी त्याच सुमारास हेच सांगितलं : ऐकणं, पाहणं, सराव करणं एवढ्यावर गोष्ट वर्गात उतरत नाही, सोबत बसून वाट दाखवणारा सहकारी लागतो.

इतकं लांबही जायला नको. आपल्याच कर्नाटकातली नलि-कलि ही शिकवण्याची पद्धत बघा. १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यातले शिक्षक आंध्र प्रदेशातल्या ऋषी व्हॅली या शाळेत गेले, तिथली बहुवर्ग शाळांची पद्धत पाहिली आणि परत येऊन आपल्या शाळांसाठी कामाची कार्डं आणि शिडी (कोणत्या कार्डानंतर कोणतं, हे मुलाला दाखवणारा तक्ता) स्वतः तयार केली. एका खोलीत अनेक इयत्ता ही त्यांचीच अडचण होती, तुमची आहे तीच. पुढे ही पद्धत राज्यभर गेली. ज्यांनी ती घडवली, त्यांना कुठलं कार्ड का आणि कुठे हे माहीत होतं. ज्यांच्या हातात तयार संच आला, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना कार्ड हरवलं की पुढे काय हे कळेना. पद्धत चांगलीच आहे, मी तिच्या बाजूची आहे. पण विचार करण्याची ताकद कार्डं बनवणाऱ्यांत वाढली, हे मला स्पष्ट दिसतं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाने दर वर्षी किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक वाढीसाठी द्यावेत असं म्हटलं आहे. रोज सहा तास धरले तर तुमच्या पाच दिवसांचे ३० झाले. माझ्या हातात असतं तर मी पाचऐवजी तीनच दिवस ठेवले असते आणि वाचलेले १२ तास पुढच्या सहा महिन्यांत दोन-दोन तासांनी वाटले असते, क्लस्टरच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, मासिक सभेला जोडून. परिपत्रकं वाचून झाल्यावर दोन शिक्षकांनी आपापल्या वहीतली अडचण मांडायची, बाकीच्यांनी उपाय न सुचवता फक्त प्रश्न विचारायचे. उपाय न सुचवणं हे आपल्या लोकांना फार जड जातं. पण त्यानेच मांडणारा माणूस स्वतः विचार करतो.

बाकी बेंजामिन ब्लूम यांनी मांडलेल्या शिकण्याच्या उद्दिष्टांच्या पायऱ्या, १९५६ च्या आणि २००१ मध्ये सुधारलेल्या, तुम्हाला प्रशिक्षणात भरपूर सांगितल्या असतील. पाठाच्या टाचणात 'विश्लेषण' आणि 'मूल्यमापन' हे शब्द लिहिल्याने वर्ग बदलत नाही, एवढंच म्हणेन.

एक गोष्ट मात्र मला कळकळीने सांगायची आहे. विचारकौशल्याचं प्रशिक्षण घेतलेल्या चांगल्या शिक्षकांना मी स्वतःला दोष देताना पाहिलं आहे. गळकी खोली, रिकामी जागा, वेळेवर न आलेली पुस्तकं, हे सगळं आपल्याला कल्पक मार्ग न सुचल्यामुळे अडलं आहे असं त्यांना वाटायला लागतं. तसं समजू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हे किमान प्रमाण आहे, म्हणून तुमची शाळा कागदावर पूर्ण आहे. त्या दोघांतला एक बाहेर गेल्यावर पाच वर्गांना एकच माणूस उरतो, हे कुणाच्याही विचारशक्तीने नाहीसं होणार नाही. तुमच्या अडचणीचा एक भाग कचेरीचा आहे आणि एक तुमचा. दोन्ही वेगळे करणं हेही अडचण नीट मांडण्याचंच काम आहे.

कचेरीच्या भागासाठी आजपासून तारखा लिहा. कोणत्या दिवशी शाळेत एकच शिक्षक होता, कारण काय, पट किती. दसऱ्याच्या सुट्टीपर्यंतची ही यादी एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) बैठकीत ठेवा आणि ठरावासह गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अतिथी शिक्षकाची मागणी पाठवा. "फार अडचण होते" या वाक्यापेक्षा तारखांची यादी नाकारणं कठीण जातं.

तुमच्या भागासाठी, 'नुसती राखण होते' हे वाक्य तुम्ही बारीक करायचं आहे. माझा अंदाज सांगते, पण तो तपासल्याशिवाय घेऊ नका. असा दिवस सबंध वाया जात नाही. तो ठरावीक वेळी मोडतो : प्रार्थनेनंतर, जेवणानंतर, आणि मुख्य म्हणजे दिलेलं काम संपलं की. मुलाला पुढे काय करायचं हे माहीत नसतं, ते तुमच्याकडे येतं, तुम्ही पहिलीत गुंतलेले असता, आणि गलका तिथून सुरू होतो. तसं असेल तर चौथी-पाचवीसाठी नलि-कलिसारखी पुढच्या कामाची पाटी भिंतीवर लावून बराच फरक पडेल. पण मुलं काम सुरूच करत नसतील, तर माझा अंदाज चुकला. मग अडचण काम समजण्याची आहे, आणि पाटीचा काही उपयोग नाही. पुढच्या वेळी एकटे असाल तेव्हा सगळं सांभाळायची धडपड दोन तास थोडी बाजूला ठेवा आणि दर दहा मिनिटांनी एक ओळ लिहा, कोणता वर्ग काय करतोय. असे दोन दिवस पुरेत.

आणि पेरूंचं उदाहरण उद्याच पाचवीला घाला. आधी 'प्रत्येकी' लिहून, मग 'एकेकाला' लिहून. चुकणाऱ्या मुलाशेजारी बसून कसं ठरवलं ते विचारा, मध्ये दुरुस्त करू नका. त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच बोलीत उतरवून मला कळवा, मग पुढचं आपण त्यावरूनच ठरवू.